ज्या सकाळी कानटोप्या उतरल्या

दुपारचं जेवण झालं की मी अर्धा तास आडवा होतो. झोपतो असं म्हणत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाने दुपारी झोपलो म्हटलं की घरचे लगेच तब्येतीची चौकशी सुरू करतात. आज तर आडवं व्हायचीही चोरी आहे, कारण पाच वाजता खाणीत कार्यक्रम आहे. तिथे मला शाल आणि नारळ मिळणार, चार लोक माझ्याबद्दल बरं बोलणार, आणि मग दहा मिनिटं मी बोलायचं आहे. इस्त्रीचा शर्ट घालूनच मी पलंगावर पाठ टेकली आहे.

बाहेरच्या खोलीत अनघा फोनवर बोलते आहे. अनघा माझी मुलगी, कार्यक्रमासाठी कालच पुण्याहून आली. "हो ना, आईपण गायली होती तिथे," ती कुणाला तरी सांगते. "एकदाच. आणि नेमके तिच्याच वेळी लाईट गेले, म्हणून टेप नाही." हे वाक्य ती लहानपणापासून म्हणत आली आहे. तिला ते मीच दिलं. पंख्याचा आवाज हळूहळू तिच्या आवाजावर चढतो, पापण्या जड होतात, भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं होतं.

"शर्ट चुरगळतोय," शालन म्हणते.

ती पलंगाच्या पायथ्याशी बसून मेथी निवडते आहे. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर देठांचा ढीग. शालन माझी बायको. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे, आणि आम्ही दोघंही त्यावर काही बोलत नाही. आमच्या संसारात असे न बोलायचे विषय बरेच होते, त्यात आणखी एकाची भर.

"केव्हा आलीस?" मी विचारतो.

"तुम्ही घोरायला लागलात तेव्हा."

"मी झोपलेलो नाही."

"बरं," ती म्हणते. "चला आता, उशीर होईल. सगळे येऊन बसले असतील."

"कार्यक्रम पाचला आहे. आता दोन वाजलेत."

"सहाला आहे. सकाळी."

मी उठायला हात टेकतो तर पलंगाची कड गार लागते. दगड आहे. अंगाखाली गादी नाही, पायरी आहे, आणि दव पडून ती ओली झाली आहे. समोर धुकं, आणि धुक्यात माणसांच्या ओळी. आम्ही खाणीत आहोत.

आमच्या नेरगावची खाण बाहेरच्या माणसाला दाखवली तर तो म्हणेल, हा तर खड्डा आहे. खड्डाच आहे. रेल्वेच्या पुलासाठी कोणे एके काळी इथून काळा दगड काढला. पूल झाला, पाथरवट निघून गेले, आणि मागे हा खड्डा राहिला. तीन बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, चौथ्या बाजूला चाळीस फूट उभी भिंत. पुढे कितीतरी वर्षांनी शाळेचे गायनमास्तर शेळी शोधत तिथे उतरले. शेळीला हाक मारली, आणि आपलाच आवाज भिंतीवरून इतका गोड होऊन परत आलेला ऐकून तिथेच बसून राहिले. शेळी संध्याकाळी आपली आपण घरी गेली. मास्तरांनी पुढच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी सहा वाजता तिथे गाणं ठेवलं. तेव्हापासून छप्पन्न वर्षं नेरगावात 'खाण' म्हणजे गाणं. "यंदा खाणीला कोण आहे?" असं लोक विचारायचे, आणि पाव्हणेरावळे त्या बेताने यायचे.

खाणीत टाळी वाजवायची पद्धत नव्हती. टाळी भिंतीवर आपटून परत येते आणि गाणाऱ्याच्या तालात पाय घालते. पण जानेवारीतली थंडी, प्रत्येकाच्या डोक्याला कानटोपी, बायकांचे पदर कानांवरून घट्ट ओढलेले. मग गाणं आवडलं की माणूस मुकाट्याने कानटोपी काढून मांडीवर ठेवायचा. नीट ऐकू यावं म्हणून. गाणारा डोळे उघडून वर बघायचा आणि समजायचा. मोठमोठे गवई चहा पिताना हळूच विचारायचे, "किती उतरल्या हो?" एका नामांकित गायकाच्या वेळी एकही उतरली नाही. त्या दिवशी थंडीच फार होती असं आम्ही त्यांना पत्राने कळवलं. ते पुन्हा आले नाहीत.

उद्यापासून खाणीत भराव टाकणार आहेत. वर गाळे निघणार, खाली गाड्या लावायला जागा. म्हणून आजचा कार्यक्रम निरोपाचा. छप्पन्नपैकी चाळीस वर्षं तिथला माईक आणि टेपरेकॉर्डर माझा होता. रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि खाणीचं ध्वनिमुद्रण, एवढीच माझी गावातली ओळख. मी जपलेल्या टेपांतून निवडक गाणी आज प्रकाशित होणार आहेत. त्यात पहिलं गाणं केशवबुवा आंबर्डेकरांचं. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत नावाजलेलं काम ते. लोक म्हणतात, बुवा तसे पुन्हा गायले नाहीत.

"बुवा आले नाहीत अजून," शालन म्हणते. पायऱ्या उतरताना तिच्या हातातली मेथीची जुडी आता तंबोऱ्याची गवसणी आहे. बावीस वर्षं ती बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसली. त्यांची सगळ्यांत जुनी शिष्या. तिचं वय आता चौतीस आहे आणि माझं पंचाहत्तर, याचं खाणीत कुणाला काही वाटत नाही.

मंडळाचे चिटणीस कोरगावकर धुक्यातून घाईघाईने येतात. हेही गेले बिचारे, मी गेलो होतो स्मशानात. "वहिनी," ते म्हणतात, "घोटाळा झालाय बघा. बुवांची एसटी घाटात बंद पडलीय. निरोप आलाय, तासभर तरी लागंल. लोक थंडीत बसल्यात. बुवा येईपर्यंत तुम्हीच जरा जागा भरा की."

जागा भरा. कोरगावकर साधा माणूस, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण गाणाऱ्यांच्या भाषेत जागा हा शब्द फार मोठा आहे. एखादी सुंदर हरकत, एखादं असं वळण की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, तिला जागा म्हणतात. "काय जागा घेतली!" असं म्हणतात. शालन कोरगावकरांकडे बघते, मग माझ्याकडे.

"गाऊ?" ती विचारते.

"गा की," मी म्हणतो. "तेवढीच माईकची चाचणी होईल."

हे मी त्या दिवशी खरंच म्हणालो होतो. स्वप्नातही तोंडून तेच येतं, जिभेला दुसरं काही सुचत नाही. ती मान हलवते आणि मंचाकडे जाते, आणि मी मंचामागच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत शिरतो.

आत माझं दुकान आहे. तेच फळकुटाचं टेबल, पाठ उघडून ठेवलेले रेडिओ, स्टँडवर ठेवलेली गरम सोल्डरगन, डाख देताना येणारा तो रोजिनचा, राळेचा वास. दुकान विकून नऊ वर्षं झाली. तरी मी सवयीने स्टुलावर बसतो आणि समोरची खिडकी वर करतो. खिडकीबाहेर शालन उभी आहे, गिऱ्हाईक उभं राहतं तशी.

"माझं झालं का दुरुस्त?" ती विचारते.

"काय टाकलं होतंस?"

"चाळीस मिनिटं."

मी फळीवर शोधण्याचं नाटक करतो. मरफी, फिलिप्स, कुणाचा तरी ट्रान्झिस्टर. ती टाचा उंचावून आत बघते. गिऱ्हाइकांना बनवणं मला चांगलं जमायचं, बायकोला त्याहून.

"सापडत नाही," मी म्हणतो. "त्या दिवशी लाईट गेले होते ना."

शालन हसते. ती हसायची तेव्हा आधी नाकातून आवाज यायचा. तो आवाज दोन वर्षांनी ऐकून मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते.

"लाईट गेले होते?"

"हो."

"मग माझा आवाज भिंतीवरून परत कसा येत होता?"

मी फळीवरचा एक रेडिओ खाली घेतो, पुन्हा वर ठेवतो.

"माझा आवाज तो केवढा," ती म्हणते. "स्वयंपाकघरातनं हाक मारली तर तुम्हाला ओटीवर ऐकू येत नसे. माईकशिवाय तो भिंतीपर्यंत जाणार? मी गात होते आणि भिंत मागनं गात होती, शेवटपर्यंत. माईक आणि तुमची टेप एकाच बोर्डावर. एवढं कळतं मला. रेडिओवाल्याची बायको आहे."

"तुला केव्हा कळलं?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," शालन म्हणते. "एकोणचाळीस वर्षं."

तिच्या आवाजात राग नाही, आणि मला तो हवा आहे. भांडायला काहीतरी सापडेल. मी खिडकी खाली ओढतो, तर खिडकी नाही, ताट आहे. आम्ही घरी जेवायला बसलो आहोत. अनघा चार वर्षांची, वरणभात खाते आहे. पाऊस पत्र्यावर वाजतो. शालन वाढते आहे, आणि मला माहीत आहे की हा तो महिना आहे, बुवांनी टेप मागितली तो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल एका टेपचं एवढं काय. बुवा माणूस सरळ, पण नियमाचे पक्के. ज्या शिष्याचं गाणं त्यांनी मांडी घालून पूर्ण ऐकलं आणि पसंत केलं, त्यालाच मैफल करायची मुभा. आणि बुवांसमोर शालनचा गळा बसायचा. लहानपणापासूनचा धाक. बावीस वर्षांत ती त्यांच्यापुढे दहा मिनिटंही सलग गाऊ शकली नाही. त्या रविवारी मात्र ते नव्हते. ते घाटात एसटीच्या बाहेर उभे होते, आणि ती चाळीस मिनिटं गायली. दहा जणांनी बुवांना सांगितलं, शालनवहिनींच्या वेळी सगळ्या टोप्या उतरल्या. बुवा म्हणाले, "असं? मग टेप आणा. मला ऐकू दे." ते खूश होते, खरंच खूश होते. त्यांना तिला परवानगी द्यायची होती, फक्त आधी स्वतःच्या कानाने ऐकून.

टेप नव्हती. बुवा आले तेव्हा माझ्याकडे टेपचं एकच स्पूल होतं. दुसरं दुकानात राहिलं होतं, सायकलवर पाच मिनिटांवर, आणि किल्ली माझ्या खिशात. बुवांना तंबोरे लावायला पंधरा मिनिटं लागली. मी जाऊन आलो असतो. पण शेगडी पेटलेली, चहा आलेला, थंडी मी म्हणत होती. मी मनाशी म्हणालो, शालन काय, घरचीच आहे, तिचं केव्हाही घेता येईल. स्पूल उलटं फिरवलं, सुरुवातीला आणलं, आणि तिच्या गाण्यावर बुवांचं गाणं घेतलं. आज ज्याचं प्रकाशन आहे तेच ते गाणं. त्याच्याखाली ती आहे.

केव्हाही घेता येईल. एकोणचाळीस वर्षं घरात टेपरेकॉर्डर होता, आणि मी ते एकदाही घेतलं नाही.

"वरण वाढू?" शालन विचारते.

"अगं, मला तेव्हा माहीत नव्हतं बुवा टेप मागतील म्हणून."

"नव्हतं. नंतर कळलं. नंतर काय केलंत?"

"काय करणार होतो? पुसलेली टेप परत येत नाही."

"खरं सांगता आलं असतं," ती म्हणते. "बुवांना म्हणाला असतात, माझ्या हातून पुसली, पण ती गायली. तर त्यांनी मला आणखी एकदा संधी दिली असती. पडद्याआड बसून ऐकलं असतं, काहीतरी केलं असतं. तुम्ही म्हणालात लाईट गेले. मग त्यांना वाटलं, लोक उगाच वहिनींचं कौतुक करतायत. मला सांगायचे ते, 'असू दे शालन, तंबोरा तुझ्यासारखा कुणी लावत नाही.'"

अनघा ताटातून मान वर करून बघते. चार वर्षांच्या चेहऱ्यावर आजच्या अनघाचे डोळे आहेत. मी घास गिळायचा प्रयत्न करतो. मला म्हणायचं असतं की माझ्या नावाला बट्टा लागला असता, मंडळाने माईक दुसऱ्याला दिला असता. तेवढं कारण होतं. एवढ्याशा नावासाठी. तोंड उघडतो तर तोंडात मेथीचा देठ आहे, कडू. मी तो बाहेर काढतो.

"शालन, मी चुकलो," मी म्हणतो. हे शब्द मी तिला जिवंतपणी कधी म्हटले नाहीत. मला वाटतं आता काहीतरी होईल, ती माझा हात धरेल, निदान रडेल.

"बरं," ती म्हणते. "मग एक सांगा. मी काय गायले?"

"म्हणजे?"

"त्या सकाळी. कुठला राग गायले? बुवा गेले, कोरगावकर गेले, त्या दिवशीचे सगळे गेले नाहीतर विसरले. टेप तुम्ही पुसलीत. राहिलात तुम्ही एकटे. सांगा आणि मी जाते."

जेवणाचं पान गार दगडाचं झालं आहे. आम्ही पुन्हा पायरीवर आहोत, धुकं विरळ होतंय. पाऊस थांबलाय, किंवा तो पाऊस नव्हताच. मी आठवून बघतो. जोर लावून आठवतो. सकाळ होती, तेव्हा सकाळचाच काहीतरी असणार.

"ललत?" मी म्हणतो.

ती गवसणीची गाठ चाचपते.

"भटियार. थांब, तोडी."

"अंदाज करू नका. रेडिओ नाही तो, एकेक बल्ब बदलून बघायला."

"अगं, टेपरेकॉर्डरवरचा तुझ्या आवाजाचा काटा मला अजून दिसतो," मी घाईने म्हणतो. "काटा अख्खी चाळीस मिनिटं लाल रेघेच्या आत होता. एकदाही वर गेला नाही. इतकं स्वच्छ गाणं मी कधी घेतलं नाही. श्वासाचा आवाज नाही, खरखर नाही..."

"मी काय विचारते, तुम्ही काय सांगताय."

ती बोट करते. पायऱ्यांवर माणसं बसली आहेत, आणि आता मला ती तिच्या बाजूने, मंचावरून दिसतात. काळ्या, तपकिरी, हिरव्या कानटोप्या. सगळ्यांत आधी कोरगावकर आपली काढतात. मग गायनमास्तर, म्हातारे, दोन्ही हातांनी, जपून. मग एक ओळ, मग वरची ओळ. सर्वांत वरच्या पायरीवर बायका पदर कानांमागे सारतात. थंडीत लाल झालेले शेकडो उघडे कान. मला कसलाही आवाज ऐकू येत नाही, फक्त टोप्या उतरताना दिसतात.

"सगळ्या उतरल्या," शालन म्हणते. "मी मोजत नव्हते, पण दिसतं ना. गाताना दिसतं. अख्ख्या खाणीत एकाच माणसाचे कान शेवटपर्यंत झाकलेले होते."

मी बघतो. मंचाच्या उजव्या अंगाला पत्र्याच्या खोलीचं दार उघडं आहे. आत एक पस्तिशीचा माणूस, डोक्यावर हेडफोन, कानांवर दोन काळ्या वाट्या. त्याची नजर यंत्रावर आहे. तो एकदाही वर बघत नाही. त्याने नुसतं वर बघितलं असतं, तर त्याला दुसरं स्पूल आणायला जावंसं वाटलं असतं, एवढं मला इथून कळतं.

"आवाज ऐकत होतो मी," मी म्हणतो. मला रडू येतंय. "आवाजच ऐकत होतो गं, त्यातलं गाणं नाही ऐकलं."

"ते मला तेव्हाच कळलं. लाईटचं खोटं मी पचवलं असतं," ती म्हणते. "दुपारी घरी आल्यावर मला वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. चांगलं म्हणा, वाईट म्हणा. तुम्ही विचारलंत, भाजी काय आहे."

"तू सांग ना. तू सांग काय गायलीस. मी आज सगळ्यांसमोर सांगतो, शपथ."

"मीच गायचं आणि मीच सांगायचं?" शालन म्हणते. पहिल्यांदा तिचा आवाज चढतो. "जागाही मीच भरायची आणि आठवणही मीच ठेवायची? मग तुम्ही काय केलंत हो जन्मभर?"

वरून ट्रक येतो. मागची फळी पडते आणि विटांचे तुकडे, माती, मोडक्या फरश्या खाणीत कोसळतात. बसलेली माणसं हलत नाहीत. मातीत पहिली पायरी बुडते, मग दुसरी. शालन गवसणी सोडते, तंबोरा काढते, आणि माझ्या मांडीवर आडवा ठेवते.

"धरा," ती म्हणते. "मी लोकांना साथ केली सगळी हयात. एकदा तुम्ही मला द्या. तारा छेडायच्या, एकामागून एक, संथ, थांबायचं नाही. आणि ऐका."

मला तंबोरा येत नाही. मी तर्जनीने तार ओढतो, चुकीची, फार जोरात. तार बोटात रुतते. ती मान हलवते, तशीच चालू ठेवा म्हणून. दुसऱ्यांदा ओढतो, तिसऱ्यांदा. बोट भाजल्यासारखं होतं, तरी मी सोडत नाही. माती तिसऱ्या पायरीवर आली आहे. शालन डोळे मिटते आणि षड्ज लावते.

लहानसा, गोल, काठोकाठ भरलेला आवाज. हा आवाज माझ्या स्वयंपाकघरात होता. माझे डोळे भरून येतात. ती षड्जावरून हळूच खाली उतरते, आता पहिली ओळ येणार, आता मला राग कळणार. आणि माझी मान उजवीकडे वळते. मी वळवत नाही, ती वळते. माझे डोळे काटा शोधत आहेत.

गाणं थांबतं.

"बघा," शालन म्हणते.

ट्रकची फळी पुन्हा पडते, धाडकन, आणि मी डोळे उघडतो. वाऱ्याने खोलीचं दार आपटलं आहे. पंखा फिरतोय. घड्याळात सव्वाचार. पलंगाच्या पायथ्याशी कुणी नाही, देठ नाहीत, कागद नाही. मी उशीत तोंड घालून थोडा वेळ तसाच पडून राहतो. मग उठायला हात टेकतो तर उजव्या हाताच्या तर्जनीत कळ येते.

बोटाच्या आतल्या बाजूला, पेराच्या वर, एक सरळ काळी रेघ आहे. कातडी दबून खोल गेलेली, कडेला किंचित सोललेली. मी चाळीस वर्षं असल्या रेघा जवळून पाहिल्या आहेत. तारेवरचा काळा डाग बोटाला लागतो आणि त्याखाली घट्टा पडतो. शालनच्या या बोटावर अशी रेघ कायम असायची. पण घरात तंबोरा नाही. ती गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी तो एका शाळेला देऊन टाकला, खोलीत अडचण होते म्हणून.

"बाबा, उठलात का?" अनघा दार ढकलून आत येते. तिच्या हातात एक छापील कागद आणि पेन आहे. "निवेदिकेने पाठवलंय. खाणीत जे जे गायले त्या सगळ्यांची नावं वाचून दाखवणार आहेत, नाव आणि राग. मी आईचंही घालायला सांगितलं. टेप नसली तरी गायली होती ना. फक्त राग कुठला ते नव्हतं माझ्याकडे." ती कागद पलंगावर ठेवते. शेवटच्या ओळीत छापलं आहे: कै. शालन हेर्लेकर, राग, आणि पुढे मोकळी जागा. "तुम्ही तर तिथेच होतात. सांगा, मी लिहिते."

मी तिच्याकडे बघतो. ललत म्हटलं असतं तरी तिला पटलं असतं. उद्या खाण बुजणार, कुणी विचारायला येणार नव्हतं.

"पेन दे," मी म्हणतो.

पेन धरताना बोट ठणकतं. त्या मोकळ्या जागेत मी लिहितो, माहीत नाही. मी ऐकलं नाही. त्याखाली जागा उरते, तिथे लिहितो, लाईट गेले नव्हते. टेप मी पुसली. अक्षर वेडंवाकडं येतं, पण वाचता येतं.

अनघा कागद हातात घेते. वाचते. पुन्हा वाचते. "लाईट..." ती म्हणते आणि थांबते. बाहेर रस्त्यावर कार्यक्रमाची गाडी येऊन हॉर्न वाजवते. एकदा, दोनदा.

"आईला माहीत होतं?" ती विचारते.

"हो."

ती माझ्याकडे बघत नाही. मग कागदाची घडी घालते आणि माझ्यापुढे धरते.

"हे निवेदिका वाचणार नाही," अनघा म्हणते. "तुम्ही वाचायचं. शाल घ्यायच्या आधी."